नर्मदाबाईंचा आवाज कोणी पुसला?

१

पहूरच्या नर्मदाबाई तायडे वारल्या त्याला बरीच वर्षं झाली होती. शुक्रवारी सकाळी त्यांचा आवाजही गेल्याचं लक्षात आलं.

जळगावला खान्देश बोली संग्रह नावाची एक लहानशी संस्था आहे. निवृत्त प्राध्यापक देवचंद चौधरी ती चालवतात. एका दुकानाच्या माडीवर दोन खोल्या, भिंतभर कॅसेटी, एक संगणक आणि त्याला लावलेल्या दोन बाहेरच्या ड्राइव्ह, एक काळी, एक पांढरी. कॅसेटमधलं सगळं आधी काळीवर उतरवायचं आणि तेच पांढरीवर ठेवायचं, असा तिथला नेम. एक गेली तर दुसरी राहावी म्हणून.

आता दोन्ही ड्राइव्ह होत्या, त्यांवरची बाकी सगळी माणसं बोलत होती, गात होती. फक्त नर्मदाबाई नव्हत्या. काळीवरही नाही आणि पांढरीवरही नाही.

"त्या संगणकवाल्या आतिफनं केलं हे," देवचंद सर फोनवर म्हणाले. "मंगळवारी त्यानं संगणकाची प्रणाली नवी केली आणि तेव्हापासून ड्राइव्ह सारख्या सुटतायत. मी पोलिसांत जाणार आहे, मृणाली. त्याआधी एकदा तू येऊन बघ."

मृणाली सुरवाडे ही त्यांची जुनी विद्यार्थिनी. बिघडलेल्या ड्राइव्हमधून गेलेली माहिती परत काढायची, हा तिचा धुळ्यातला व्यवसाय. कोर्टाच्या कामातही तिला बोलावणं असे. माणसं यंत्रावर आळ घेतात तेव्हा आधी माणसांकडे बघायचं, हे ती तिथंच शिकली होती.

"सर, ती कॅसेट तरी आहे ना?" तिनं विचारलं.

"कॅसेट एकदाच चालली. उतरवून झाली आणि फीत तुटली, तिचा चुराच झाला. सोमवारपर्यंत तो आवाज मिळाला नाही, तर नर्मदाबाईंचं गाणं कायमचं दुसऱ्याच्या नावावर जाईल."

२

गाणं अख्ख्या खान्देशाच्या ओठांवर होतं. मृणालीनंही ते लग्नांत म्हटलं होतं.

*घड निघाला दिल्लीला गं, खोड राहिलं वाफ्यात,*
*लेक निघाली सासरी, माय राहिली दारात.*

धुळ्याचा गायक जीवराम ते हल्ली स्टेजवर गायचा आणि पुण्याची एक कंपनी ते त्याच्या आवाजात काढणार होती. गीतकार म्हणून जीवरामचंच नाव छापायचं ठरलं होतं. तेव्हा नर्मदाबाईंचा मुलगा धम्मपाल आडवा आला. गाणं माझ्या आईचं आहे, पहूरला जात्यावर बसून तिनं ते रचलं, असं त्यानं लिहून कळवलं. कंपनीनं सोमवारपर्यंत पुरावा मागितला. नेमकी त्याच सुमारास झुलाल मास्तर नावाच्या शिक्षकाच्या घरून जुन्या कॅसेटींची पेटी संग्रहात आली. मास्तर हयात नव्हते. एका कॅसेटवर लिहिलं होतं, 'नर्मदाबाई, गाणं आणि बोलणं'.

त्याच दिवशी संग्रहात पोचल्यावर मृणालीनं आधी यंत्र बघितलं. दोन्ही ड्राइव्ह एका स्वस्तातल्या यूएसबी जोडपट्टीतून संगणकाला लावलेल्या होत्या. थोडा वेळ कोणी हात लावला नाही की पडद्यावरून त्यांची चिन्हं गुपचूप नाहीशी होत. वायर काढून परत लावली की येत.

नवी प्रणाली वीज वाचवायला बघत होती. ड्राइव्हकडे काही मागणी नाही असं दिसलं, की ती त्या जागेचा पुरवठाच बंद करी. जुनी ड्राइव्ह आणि कमजोर जोडपट्टी, त्यामुळे एकदा झोपलेली पुन्हा उठत नसे. मृणालीनं जोडपट्टी काढून ड्राइव्ह थेट लावल्या आणि वीज वाचवण्याची ती सोय बंद केली. मग चहा येऊन संपला तरी एकही ड्राइव्ह सुटली नाही.

"म्हणजे दोष अपग्रेडचाच," देवचंद सर म्हणाले.

"सुटण्याचा दोष अपग्रेडचा. पुसण्याचा नाही."

दाराशी उभा असलेला आतिफ मणियार पहिल्यांदा बोलला. चाळिशीचा माणूस, सकाळपासून त्याचा चेहरा उतरला होता. सरांनी सकाळीच एका कॉलेजला फोन करून त्याच्याबद्दल सावध केलं होतं आणि तिथलं त्याचं काम थांबलं होतं.

"मी हेच सांगतोय, ताई. ड्राइव्ह सुटते, पण माणूस ओळखून सुटत नाही. इतक्या माणसांतून एकटी नर्मदाबाई, आणि तीही दोन्हीकडून?"

"तुम्हाला तुमच्या दुकानातून हा संगणक चालवता येतो ना?"

आतिफनं मान खाली घातली. "येतो. पण मी तसं केलं नाही."

हे तो आधी कोणाला बोलला नव्हता. देवचंद सरांनी मृणालीकडे सूचक नजरेनं बघितलं.

संग्रहाचं रोजचं काम बघणारी वृषाली पाटील हातातला रुमाल पिळत बसली होती. गुरुवारी सकाळी तिनंच कॅसेट उतरवली होती.

"तू ती पूर्ण ऐकलीस?"

"गाणं ऐकलं. पुढचं बोलणं नाही. फीत चालू ठेवून मी इतर टेपांवर नावं चिकटवत होते."

"नंतर?"

"दुपारी धम्मपालभाऊ आले, प्रत घ्यायला. सर जेवायला घरी गेले होते. मी इथंच होते, जागची हलले नाही. थोड्या वेळानं बघते तर पडद्यावरून दोन्ही ड्राइव्ह गेलेल्या. परत लावल्या, तर काळी उघडायला फार वेळ घ्यायला लागली. मी भाऊंना म्हटलं, उद्या या. संध्याकाळी दुसऱ्या टेपा उतरवल्या. आणि आज सकाळी बघते तर नर्मदाबाई कुठंच नाहीत."

धम्मपाल तायडे बाहेरच्या खोलीत बाकावर बसला होता. पाचोरा डेपोत एसटीचा चालक, पन्नाशीचा, इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेला. पहूरला आईच्या नावानं वाचनालय उभं राहावं म्हणून तो किती वर्षं झटत होता, हे जिल्ह्यात बऱ्याच जणांना माहीत होतं.

"काल मी इथंच बसलो होतो, याच बाकावर," तो म्हणाला. "आतल्या खोलीत पायही टाकला नाही. मला संगणकातलं काय कळतं? डेपोत तर आम्ही त्याच्या वाटेलाही जात नाही. बसलो होतो, तेवढ्यात आवाज आला. म्हातारीनं उसासा टाकावा तसा, दोन सुरांत खाली उतरलेला. वृषालीताई म्हणाल्या ड्राइव्ह सुटली."

"काल आणखी कोणी आलं होतं?"

धम्मपालनं दाराकडे बघितलं. "आलं होतं ना. तो चोर आला होता. जीवराम."

वृषालीनं हे सांगितलं नव्हतं.

३

दुसऱ्या दिवशी मृणाली जीवरामच्या घरी गेली. धुळ्यात देवपूर भागात त्याचं घर होतं. ढोलक्या, झांजा आणि माईकच्या वायरींनी बैठकीची खोली भरली होती. जीवराम जाडजूड, मोठ्या आवाजाचा माणूस. तिनं नाव सांगताच तो उसळला.

"बठ्ठा माले चोर म्हनतस! तुम्हीबी तेच म्हनाले उन्यात का?"

"गुरुवारी तुम्ही जळगावला संग्रहात गेला होतात."

"गेलो होतो." तो आता अहिराणी सोडून सावध मराठीत बोलू लागला. "ती टेप मलाही ऐकू द्या म्हणायला गेलो होतो. माझं नाव मातीत जातंय, मला ऐकायचा हक्क नाही? पण दारातूनच परत फिरलो."

"परत का फिरलात?"

जीवरामनं पुढ्यातली ढोलकी उचलून बाजूला ठेवली.

"गाणं तुमचं आहे?"

त्यानं झांजेची दोरी बोटाला गुंडाळली. मग म्हणाला, "खरं सांगू? हाई गानं मनं नही शे. बाप केळीचा ट्रक चालवायचा. मी लहान असताना त्याच्यासोबत रावेरला जायचो. तिथं केळी भरायच्या शेडमध्ये बाया गायच्या, तिथं ऐकलं. कोणाचं ते कोणाला माहीत नव्हतं. कंपनीवाल्यांनी नाव विचारलं, मी माझं दिलं. चुकलं असेल. पण पहूरच्या जात्यावरचं गाणं मी चोरलं, हे खोटं आहे. पहूरला मी कधी गेलोच नाही."

स्वतःला वाचवायला रचलेली गोष्ट, मृणालीच्या मनात आलं. रावेरच्या शेडचा साक्षीदार आता कुठून आणायचा? ती उठली आणि निघताना तिची नजर भिंतीवरच्या एका फोटोवर गेली. जीवरामच्या गाण्याच्या पार्टीचा कार्यक्रम, मागं रंगीत पडदा. जीवरामच्या शेजारी माईक धरून एक मुलगी गात होती.

ती वृषाली होती.

४

मृणालीनं तिथूनच फोन लावला. फोटोबद्दल विचारताच वृषाली रडू लागली.

"मी त्यांच्या पार्टीत गायचे, ताई. घरी कळलं आणि बंद झालं. सरांना ठाऊक नाही. गुरुवारी ते दारात आले, आत धम्मपालभाऊ बसलेले. भांडण होईल म्हणून मी त्यांना खाली घेऊन गेले. दुकानापाशी उभं राहून समजावलं, बराच वेळ. हे सांगितलं असतं तर सगळे म्हणाले असते, मीच त्यांच्यासाठी पुसलं."

"म्हणजे तू जागची हललीस."

"हो."

"आणि माडीवर कोण होतं?"

"धम्मपालभाऊ. पण ताई, ते कशाला पुसतील? तो त्यांच्या आईचा आवाज आहे!"

मृणालीलाही तेच वाटत होतं. आवाज गेल्यानं फायदा जीवरामचा होता आणि नुकसान धम्मपालचं. आतिफला बाहेरून संगणकात शिरता येत होतं. वृषाली एकदा खोटं बोलली होती, म्हणजे पुन्हाही बोलू शकत होती. मृणाली आपल्या दुकानात आली आणि जळगावहून आणलेली काळी ड्राइव्ह तिनं आपल्या यंत्राला लावली.

पुसलेली गोष्ट लगेच नष्ट होत नाही. तिची जागा रिकामी म्हणून जाहीर होते, एवढंच. त्या जागेवर दुसरं काही येऊन बसेपर्यंत ती तिथंच असते. पण वृषालीनं गुरुवारी संध्याकाळी काळीवर, आणि नेमाप्रमाणे पांढरीवरही, दुसऱ्या टेपा उतरवल्या होत्या. किती उरलं असेल?

दुपार कलायच्या सुमाराला एक तुकडा हाती लागला. आधी खरखर, मग एका बाईचं मोकळं हसणं आणि गाणं. घड निघाला दिल्लीला गं. पुढं झुलाल मास्तरांचा आवाज आला, "नर्मदाबाई, हे गाणं तुमचंच ना?"

"थांबा मास्तर, हे गानं कोनाचं हाये ते आज नीट सांगते. लई दिवस पोटात हाये माह्या..."

एवढ्यावर तुकडा संपला. पुढं वृषालीच्या दुसऱ्या टेपेतला कोणीतरी म्हातारा पेरणीबद्दल बोलत होता.

मृणाली खुर्चीत मागं टेकली. गाणं स्वतःचं असेल तर बाई पटकन 'हो' म्हणेल. लई दिवस पोटात ठेवावं असं त्यात काय आहे? आणि घड, खोड, वाफा हे सगळे केळीच्या बागेतले शब्द. पहूरच्या बायका कापूस वेचतात. जात्यावर बसलेल्या पहूरच्या बाईला दिल्लीला जाणारा घड कुठून सुचला?

जीवराम रावेर म्हणाला होता. ती गोष्ट रचलेली नसेल तर?

५

रविवारी सकाळी मृणालीनं सगळ्यांना संग्रहात बोलावलं. जीवराम आणि धम्मपाल एकमेकांकडे पाठ करून बसले. मृणालीनं ड्राइव्ह पुन्हा त्याच जोडपट्टीतून लावल्या, वीज वाचवण्याची सोय परत चालू केली आणि बाहेर येऊन धम्मपालच्या शेजारी बाकावर बसली.

"आता कोणी बोलू नका."

डोक्यावर पंखा घरघरत होता. खालून रिक्षांचे हॉर्न येत होते. बराच वेळ गेला. मग आतून वृषालीची हाक आली, "ताई, गेल्या! दोन्ही गेल्या."

"भाऊ, आवाज ऐकलात?" मृणालीनं विचारलं.

धम्मपालनं नकारार्थी मान हलवली.

"मीही नाही ऐकला. शुक्रवारी ड्राइव्ह सुटताना मी संगणकासमोर होते, तेव्हाही काही ऐकू आलं नव्हतं. कारण या संगणकाला स्पीकरच नाही. त्यातून जो आवाज निघतो तो फक्त हेडफोनमध्ये जातो." ती आत गेली, हेडफोन कानाला लावले आणि पुन्हा ड्राइव्ह सुटू दिली. मग एकेकाच्या कानाला ते लावून आवाज ऐकवला. दोन सूर, खाली उतरणारे, उसाशासारखे.

"हा नव्या प्रणालीचा आवाज आहे," आतिफ सावकाश म्हणाला. "जुन्यात वेगळा होता. हा मंगळवारनंतरच यायला लागला."

"म्हणजे मंगळवारनंतर हे हेडफोन कानाला लावून बसलेल्यालाच तो माहीत असणार. डेपोतल्या संगणकाच्या वाटेला भाऊ जात नाहीत. बाकावरून हा आवाज येत नाही. तरी त्यांनी तो हुबेहूब सांगितला."

देवचंद सर ताडकन उठले. "मृणाली, काय बोलतेस तू? तो स्वतःच्या आईचा आवाज पुसेल?"

"मलाही तिथंच अडायला झालं, सर. पण ड्राइव्ह सुटते ती कोणी वापरत नसताना. गाणं चालू असेल तर ती सुटत नाही. म्हणजे हेडफोन लावून बसलेल्या माणसानं टेप मध्येच थांबवली होती. पुसायला आलेला माणूस घाईत असतो. हा नव्हता. तो थांबून इतका वेळ नुसता बसून राहिला, की यंत्राला वाटलं समोर कोणीच नाही." तिनं धम्मपालकडे बघितलं. तिचा आवाज खाली आला. "भाऊ, आईंनी कोणाचं नाव घेतलं?"

जीवराम तोंड उघडून काहीतरी म्हणणार होता, पण धम्मपालचा चेहरा बघून गप्प बसला.

धम्मपालनं सदऱ्याच्या खिशातून पेनड्राइव्ह काढला आणि टेबलावर ठेवला.

"प्रत घ्यायला हा आणला होता," तो म्हणाला. "वृषालीताई खाली गेल्या. टेप समोर उघडीच होती. मला वाटलं, आईचा आवाज आधी एकट्यानं ऐकावा. इतक्या वर्षांनी ती हसली कानात. आणि मग ती म्हणाली..." त्यानं हाताच्या पालथ्या बाजूनं तोंड पुसलं. "मी गावोगाव सांगत फिरलो, माझ्या आईनं गाणं रचलं. शिकलेल्यांची, मोठमोठ्यांची नावं सगळीकडे लागतात, एक नाव आमच्या आईचं लागू द्या म्हटलं. आणि तीच सांगते, माझं नाही म्हणून. वायरी काढून लावल्या. या पेनड्राइव्हवर घेतलं आणि दोन्हीकडचं पुसलं, तेवढं मला येतं. हेही पुसायचं होतं, घरी गेल्यावर. नाही झालं माझ्याच्यानं."

वृषालीनं कोणी न सांगताच पेनड्राइव्ह लावला आणि हेडफोनची वायर काढून आपला लहान स्पीकर जोडला.

"...लई दिवस पोटात हाये माह्या. हे गानं ताजबीचं हाये. ताजबी पिंजारीन, रावेरची. आम्ही संगं केळी भरत होतो. बोल बठ्ठे तिचे. तिच्या घरी तिला चारचौघात गाऊ देत नव्हते, मंग तिनं मले दिलं. म्हने, तू गा, तुह्या तोंडून मी ऐकते. लोक म्हनतात नर्मदाचं, अन् मी गप्प बसते. मास्तर, हे लोकायले सांगजा."

झुलाल मास्तरांनी ते कोणाला सांगितलं नव्हतं. का, ते आता कळायला मार्ग नव्हता.

आतिफ देवचंद सरांसमोर येऊन उभा राहिला. "सर, तुम्ही कॉलेजला माझ्याबद्दल फोन केला होता. आता परत एक कराल?"

सरांनी तिथंच, सगळ्यांदेखत फोन लावला. चूक माझी होती, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

६

"ती बाई हयात असेल का?" धम्मपालनं विचारलं. शोध लावला तो जीवरामनं. बापाच्या ओळखीचे ट्रकवाले अजून रावेरला होते. दोन-चार फोन झाले आणि पत्ता मिळाला. दुपारी मृणाली, धम्मपाल आणि जीवराम एकाच गाडीतून निघाले. सगळ्या वाटेत त्या दोघांत एका शब्दाचंही बोलणं झालं नाही.

ताजबी ओसरीवर खाटेवर बसल्या होत्या. अंगानं वाळलेल्या, नजर मंदावलेली, पण कान शाबूत. सुनेनं पाहुणे कोण ते सांगितलं.

"नर्मदाचा पोरगा?" त्यांनी हात पुढं केला. धम्मपाल खाटेपाशी खाली बसला. त्यांनी त्याचं डोकं, कान, हनुवटी चाचपून बघितली. "नाक तिचंच हाये. ती काहून नाही आली?"

"आई गेली, मावशी. पंधरा वर्षं होतील."

धम्मपालनं मोबाइल ताजबींच्या कानाजवळ धरला आणि त्यात उतरवून घेतलेली टेप लावली. नर्मदाबाई हसल्या, गायल्या, बोलल्या. ताजबींचे ओठ गाण्याबरोबर हलत होते. शेवटचं वाक्य संपल्यावर त्या म्हणाल्या, "अर्धं खोटं बोलली ती."

धम्मपालनं चमकून वर बघितलं.

"बोल माहे, खरं हाये. पन माह्याकडे नुसतेच बोल होते, बेटा. त्याले चाल तिनं लावली. घड उचलता उचलता लावली, एका दुपारी. चाल नसती तर कोनाच्या ध्यानात राह्यलं असतं? तुह्या मायनं तेवढं सांगितलंच नाही." त्या थोडं थांबल्या. "तिले सवय होती, आपलं दुसऱ्याले देऊन टाकायची."

धम्मपालनं खाटेच्या कडेला कपाळ टेकलं. जीवराम ओसरीच्या कडेला उभा होता, तो तिथूनच पुढं झाला. "मावशी, मी तुमचं गाणं माझ्या नावावर लावत होतो. माफ करा."

"तूच गातो काय ते?" ताजबींनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "सून लावते मोबाइलवर. लई घाई करतो तू गाताना. बाया काही पळत नव्हत्या."

मृणालीला हसू आलं आणि त्याबरोबर डोळेही भरून आले. तिनं कंपनीच्या माणसाला फोन लावला, पण बोलण्याआधीच धम्मपालनं हात पुढं केला. तिनं फोन त्याच्याकडे दिला.

"मी धम्मपाल तायडे बोलतोय. माझ्या आधीच्या पत्रात चूक होती. आता लिहून घ्या. चाल, नर्मदाबाई तायडे. त्याच्या आधी लिहा, गीत..." तो थांबला आणि फोनवर हात ठेवून खाटेकडे वळला. "मावशी, तुमचं पूर्ण नाव काय लिहू?"

"पूर्न कशाले पायजे? ताजबी लिव नुसतं," त्या म्हणाल्या. "त्या शेडमदी दुसरी ताजबी नव्हती."